पापुद्रेबाईंनी मोजलेली सूज

समजा, तुमच्यासमोर खोडरबराएवढा मेणाचा ठोकळा आहे आणि त्या मेणात उंदराच्या यकृताचा वाटाण्याएवढा तुकडा बसवलेला आहे. तुम्हाला त्याचा पापुद्रा काढायचा आहे. कांद्याचा काढतो तसा नाही, कांद्याचा पापुद्रा याच्यापुढे गोधडी वाटेल. डोक्यावरचा एक केस घ्या, त्याच्या जाडीचे पंधरा भाग करा, त्यातला एक भाग. उजव्या हाताने मशीनचं चाक फिरवायचं, डाव्या हातात मऊ कुंचला धरायचा. ठोकळा फार गार असला तर पापुद्रा तडकतो, कोमट झाला तर चुरगळतो. हवा कोरडी असेल तर तोंड जवळ नेऊन ठोकळ्यावर हलकी वाफ सोडायची आणि मग श्वास रोखूनच चाक फिरवायचं, कारण शिंक दूरच राहिली, साधा सुस्कारा टाकलात तरी पापुद्रा उडून बाहीला चिकटतो. जमला तर तो कुंचल्याने उचलून कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती गेली की काचेच्या पट्टीवर झेलायचा. झाली एक स्लाइड.

आता हे दिवसातून ऐंशी वेळा करा. आणि सत्तावीस वर्षं करा.

मग तुमची मान उजवीकडे पुरती वळेनाशी होते. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं तर अख्खं धड वळवावं लागतं. डाव्या डोळ्यातून दुपारी चारनंतर पाणी यायला लागतं आणि घरी पोळी लाटताना ती जाड झाल्यासारखी वाटत राहते, कितीही पातळ लाटली तरी. ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्यांना त्यांच्या विभागात सगळे पापुद्रेबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं. हजेरीच्या कागदावर दुसरं नाव होतं, पण ते पुकारलं तर त्यांनाही क्षणभर कळत नसे की आपल्यालाच हाक मारली आहे.

विभाग औषधांच्या अभ्यासाचा. दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली बाईंची. एक मशीन, एक पाण्याचं भांडं, रंगांच्या काचेच्या डब्यांची रांग, खिडकीला लागून सूक्ष्मदर्शक. खोलीला मेण विरघळवणाऱ्या झायलीनचा वास, जो बाईंना आता येत नसे आणि घरी त्यांच्या पदरातून इतरांना येत असे. त्यांनी नोकरी धरली तेव्हा स्लाइडा वाचायला एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी बाईंना शेजारी बसवून वाचायला शिकवलं. मधली शीर कोणती, तिच्याभोवती पेशींच्या रांगा सूर्यकिरणांसारख्या कशा पसरतात, चरबीची भोकं कशी ओळखायची, सुजेच्या पेशी म्हणजे जांभळ्या ठिपक्यांचे घोळके कुठे जमतात. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच गेली नाही आणि पहिलं वाचन बाईंच्या गळ्यात पडलं ते पडलंच. प्रत्येक स्लाइडला नासधुशीचा आकडा द्यायचा, शून्य म्हणजे निरोगी, चार म्हणजे पार उद्ध्वस्त. समोरच्या इमारतीतले एक डॉक्टर दहातली एखादी स्लाइड पडताळून सही करत. बाकी आकडा बाईंचा.

गेल्या वर्षी विभागात एक नवीन मॅडम आल्या. वय बत्तीस, बाईंच्या मुलीएवढ्या, सदान्‌कदा पायऱ्या दोन-दोन करून चढणाऱ्या. त्यांचा विषय एक झुडूप होता. विभागाच्या मागच्या कुंपणालगत माजलेलं, बारक्या खरखरीत पानांचं, शेळ्यासुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत असं. मॅडमचं म्हणणं, या पानांत यकृताला वाचवणारं काहीतरी आहे.

"बाई, साधं आहे," एकदा चहा पिता-पिता त्यांनी समजावून सांगितलं होतं. "यकृतात विष गेलं की त्याचे तुकडे होतात. एकेक तुकडा म्हणजे ठिणगी. ती शेजारच्या पेशीची भिंत जाळते, ती पेशी मरताना बोंब मारते, मग सुजेच्या पेशी धावत येतात आणि आणखी नासधूस करतात. पानातलं द्रव्य त्या ठिणग्या झेलतं. ओल्या पोत्यासारखं."

"म्हणजे अँटिऑक्सिडंट," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला सगळं येतं, मला उगाच बोलायला लावता."

छत्तीस उंदीर होते. बारा नुसते, बारांना विष, बारांना विष आणि पाल्याचा अर्क. बाईंना इतकंच माहीत होतं, कारण त्यांच्याकडे उंदीर कधीच येत नसत. बरण्या येत. बरणीवर फक्त नंबर. कुठला नंबर कुठल्या गटाचा याची यादी मॅडमच्या कपाटात कुलपात, वाचणाऱ्याला ती कळता कामा नये. वाचणाऱ्याचं मन कुठेतरी झुकलेलं असतं आणि डोळा मनाचं ऐकतो. म्हाताऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं होतं.

बाईंचं मन कुठे झुकलं होतं ते सांगायचं तर त्यांच्या दादाचं सांगायला हवं.

दादा त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा. लाकडी सामानाला पॉलिश मारण्यात त्याचं आयुष्य गेलं. टेबलात तोंड दिसेल असा त्याचा हात. चार वर्षांपूर्वी थकवा यायला लागला, पाय सुजले, तपासणीत कळलं की जुन्या काविळीचा विषाणू रक्तात दबा धरून बसलाय आणि त्याने यकृताला सूज आणली आहे. डॉक्टरने रोज एक गोळी दिली, जन्मभर घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही. गोळी विषाणूला दाबून ठेवते. पण दादाला जास्त लागलं ते वेगळंच. डॉक्टरने त्याला तीनदा विचारलं होतं, किती पिता म्हणून. गल्लीतल्या लोकांनी तर विचारलंही नाही, मनाशी ठरवूनच टाकलं. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण लिव्हर म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा बदलल्या.

"मी थिनर हुंगलं चाळीस वर्षं," तो म्हणायचा, "आणि नाव बाटलीचं झालं. निदान प्यायलो तरी असतो."

काम सुटलं. तो दिवसभर खिडकीपाशी बसून राहायचा, बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. बाई कामावरून परतताना रोज तिथे डोकवायच्या. वहिनी चहा टाकायची, दादा विचारायचा, "काय चिमे, आज किती उंदीर कापलेस?" आणि त्या म्हणायच्या, "उंदीर नाही रे, उंदराचं काळीज." ठरलेलं बोलणं. रोज तेच, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा येत नसे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला छत्तीस यकृतं आली. बाईंनी ठोकळे केले, कापले, रंगवले आणि वाचायला बसल्या. पहिल्या तबकातल्या वीस स्लाइडा वाचून होईपर्यंत त्यांना गट कळून चुकले होते.

चूक त्यांचीच होती. उंदरांची यकृतं काढली की लगेच फॉर्मेलिनमध्ये टाकतात, नाहीतर ती कुजू लागतात. छत्तीस उंदीर एका दिवसात उरकणार नव्हते, म्हणून मॅडमनी दोन दिवस केले. पहिल्या दिवशी नुसते आणि विषाचे, दुसऱ्या दिवशी पाल्याचे. पहिल्या दिवशी सकाळी नवं फॉर्मेलिन बनवायचं बाईंच्या अंगावर होतं. आदल्या रात्री दादाला बरं नव्हतं, दवाखान्यात बसून काढलेली रात्र, सकाळी पाय उचलत नव्हते. कोपऱ्यात जुन्या फॉर्मेलिनचा कॅन अर्धा भरलेला होता. त्यांनी तोच ओतला. दुसऱ्या दिवशी मात्र ताजं केलं.

जुनं फॉर्मेलिन आंबतं. आणि यकृतासारख्या रक्ताळ तुकड्यावर ते आपली खूण ठेवून जातं, तपकिरी बारीक भुरभुर, कुणी तपकिरीची चिमूट उडवल्यासारखी. हे ठिपके सुजेचे नसतात, त्यांनी काही बिघडत नाही, पडताळणाऱ्या डॉक्टरांची तर तिकडे नजरही जात नाही. पण ज्याने ते ओतलं त्याला कळतं. भुरभुर आणि नासधूस म्हणजे विषाचा गट. भुरभुर नाही म्हणजे पाला. कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं आणि यादी बाईंच्या डोळ्यांसमोर उघडी पडली होती.

त्या बोलल्या नाहीत. बोलायचं तर आधी कॅनचं सांगावं लागलं असतं. आणि मनात म्हणाल्या, मला कळलं म्हणून काय झालं, मी आकडा खराच देणार.

विषाच्या गटाची सरासरी आली सव्वातीन. पाल्याच्या गटाची, एक. मॅडम यादी लावून बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी वही मिटली आणि बाईंचा हात धरला. सव्वातीनवरून एक. एवढा फरक त्या क्षेत्रात लोकांना वर्षानुवर्षं दिसत नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी कुंपणालगतच्या झुडपाच्या डहाळ्या तोडल्या, पिशवीत भरल्या आणि दादाच्या घरी गेल्या.

"आता तू काय मला उंदीर समजणार?" दादा म्हणाला.

"उंदीर तुझ्याहून शहाणे. त्यांनी कुरकुर न करता घेतला."

"त्यांना विचारलं कुणी?"

वहिनीने पाला निवडायला घेतला. तिने विचारलं, "वन्सं, नक्की ना?" आणि बाई म्हणाल्या, "मी स्वतः मोजलंय. डोळ्यांनी."

एवढंच वाक्य. पण दादाच्या घरात त्या वाक्याला डॉक्टरच्या शब्दाहून वजन होतं, कारण डॉक्टरने त्याला तीनदा किती पिता विचारलं होतं आणि चिमीने एकदाही विचारलं नव्हतं.

काढा सुरू झाला. सकाळी एक वाटी, कडूजहर. दादाच्या चेहऱ्यावर टवटवी आल्यासारखी वाटली, किंवा सगळ्यांना ती हवी होती म्हणून दिसली. दीड महिना असा गेला. मग समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरांनी पडताळलेल्या चार स्लाइडा परत आल्या. दोन विषाच्या, त्यांचे आकडे बाईंच्या आकड्यांशी जुळत होते. दोन पाल्याच्या, तिथे बाईंनी एक लिहिला होता आणि डॉक्टरांनी दोन.

"एका आकड्याचा फरक चालतो, बाई," मॅडम म्हणाल्या. "दोन माणसं, दोन डोळे. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

चालतो. बाईंनाही ठाऊक होतं. पण फरक दोन्ही वेळा एकाच बाजूला पडला होता, आणि ती बाजू त्यांच्या ओळखीची होती. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा त्यांनी त्या दोन स्लाइडा पुन्हा लावल्या. मधल्या शिरेभोवती जांभळे घोळके होते. खूप नव्हते, पण होते. आपण त्यांच्यावरून नजर कशी फिरवली ते त्यांना आठवत होतं. प्रत्येक वेळी त्यांनी शेजारचा बरा भाग शोधला होता, तिथे जास्त वेळ घुटमळल्या होत्या आणि मग तोच भाग मनाशी धरून आकडा लिहिला होता. खोटं एकदाही लिहिलं नव्हतं. नुसतं बरं तेवढं बघितलं होतं.

डब्यातली भाजी त्यांनी तशीच परत नेली.

कदाचित त्या तरीही गप्प राहिल्या असत्या. माणूस थकलेला असला की गप्प बसणंच सोपं जातं. पण त्याच आठवड्यात वहिनी त्यांना जिन्यात थांबवून हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, ह्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून. गोळी बंद केलीये त्यांनी. महिना होऊन गेला. मला म्हणतात, चिमीचा पाला आहे की."

बाईंनी कठडा धरला. मग दाराच्या आत जाऊन चप्पलसुद्धा न काढता म्हणाल्या, "दादा, गोळी का सोडलीस?"

"तुझी वहिनी पोस्टमन झाली वाटतं."

"गोळी का सोडलीस?"

"अगं, सव्वातीनवरून एक. तूच म्हणालीस. गोळीने चार वर्षांत माझं काय सव्वातीनचं एक केलं? नुसतं आहे तिथे ठेवलं."

"आहे तिथे ठेवते म्हणूनच घ्यायची असते."

"चिमे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला, "मला त्या दवाखान्याचा वीट आलाय. त्या बाकड्यावर बसायचा. तू घरातली आहेस, तू मोजलंयस. मला तेवढं पुरे आहे."

आपला आकडा कदाचित चुकीचा आहे हे वाक्य ओठांपर्यंत येऊन परत गेलं. त्या घरी गेल्या, रात्रभर तळमळत राहिल्या, तेही मान उजवीकडे वळत नसल्याने एकाच कुशीवर.

सकाळी मॅडम आल्या-आल्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. कॅन, भुरभुर, पहिलं तबक, दादा, काढा. उभ्यानेच सांगितलं. मॅडमनी खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

"पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"कॅनचं सांगावं लागलं असतं."

"मी ओरडले असते, एवढंच ना?"

"हो. एवढंच."

मॅडम स्टुलावर बसल्या. त्यांचा परिषदेत वाचायचा निबंध स्वीकारला गेला होता, त्याच्या सारांशात आकडे छापूनही गेले होते. त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. बाईंना वाटलं, रडतायत. पण हात काढले तेव्हा डोळे कोरडेच होते, फक्त वय वाढल्यासारखं दिसत होतं.

"माझंही चुकलंय," त्या म्हणाल्या. "दोन दिवस केले तर प्रत्येक दिवशी तिन्ही गटांतले थोडे-थोडे उंदीर घ्यायला हवे होते. पुस्तकात लिहिलेलं असतं. मला सोपं पडलं म्हणून मी गट सरळ वाटून टाकले. तुमचं फॉर्मेलिन ताजं असतं तरी ही फट होतीच." मग खांद्यावरची पिशवी उतरवत, "आता काय करता येईल?"

हा प्रश्न बाईंच्या कामाचा होता आणि कामाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे असे. ठोकळे शिल्लक होते. छत्तीस ठोकळ्यांचे नवे पापुद्रे काढायचे. रंगवण्याआधी त्यांना पिक्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या पिवळ्या पाण्यात बुडवून ठेवायचं, की तपकिरी भुरभुर विरघळून जाते. मग तिसऱ्याच कुणीतरी नवे नंबर लावायचे. ग्रंथालयातल्या बाईंना गळ घातली, त्यांनी चिठ्ठ्या काढून नंबर चिकटवले आणि यादी स्वतःच्या टेबलात ठेवली. वाचायचं दोघांनी, पापुद्रेबाईंनी आणि समोरच्या डॉक्टरांनी, एकमेकांना न विचारता.

संध्याकाळी त्या दादाकडे गेल्या. या वेळी वाक्य परत गेलं नाही.

"माझा आकडा चुकलेला असू शकतो. गोळी घे."

"असू शकतो, की आहे?"

"मोजतेय परत."

"मग मोज आधी."

"तोवर घे ना."

"चिमे, एकदा म्हणतेस पाला घे, एकदा म्हणतेस गोळी घे. तुझं नक्की झालं की ये." आवाजात राग नव्हता. रागवायलाही ताकद लागते. तो नुसता थकला होता, आणि बाईंना ते जास्त लागलं.

वहिनीने दुसऱ्या दिवसापासून गोळी चहाच्या बशीत ठेवायला सुरुवात केली. दादा चहा प्यायचा, गोळी बशीतच राहायची.

नऊ दिवस लागले. बाईंनी कधी इतकं सावकाश काम केलं नव्हतं. प्रत्येक स्लाइडवर आधी दहा जागा ठरवून घ्यायच्या, डावीकडून उजवीकडे, मोजून, मग त्या बऱ्या असोत की वाईट, त्याच बघायच्या. आवडीची जागा शोधायची मुभा नाही. भुरभुर गेलेली होती. समोरचं यकृत कुणाचं ते आता खरोखर कळत नव्हतं, आणि न कळण्यात किती हलकं वाटतं हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं. नाहीतर मन सतत वाईट जागा चुकवत राहायचं. चार वाजले की डाव्या डोळ्याला धार लागायची, त्या रुमाल लावून पाच मिनिटं बसायच्या आणि पुन्हा वाकायच्या. त्यात दादाची बशी डोळ्यांसमोर यायची.

दहाव्या दिवशी ग्रंथालयातल्या बाईंनी यादी आणली. मॅडमनी आकडे मांडले. विषाचा गट तीनला जरासा कमी. पाल्याचा गट दोन. डॉक्टरांचे आकडेही जवळपास तसेच.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "काहीतरी आहे. पण एक नाही, दोन." त्यांनी परिषदेला कळवायचं पत्र लिहायला घेतलं. हात सावकाश चालत होता.

तेवढ्यात बाईंची नजर टेबलावर उघड्या पडलेल्या तक्त्याकडे गेली. प्रयोगाचा दिनक्रम होता, सत्तावीस वर्षांत त्यांच्या खोलीपर्यंत असा तक्ता कधी आलाच नव्हता. त्यावर लिहिलं होतं, अर्क, दिवस एक ते चौदा. विष, दिवस पंधरा. यकृत काढणे, दिवस सोळा.

त्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, पाला आधी देता?"

"हो. चौदा दिवस."

"आणि विष नंतर."

"संरक्षण बघतोय ना आपण. आधी पोतं ओलं करून ठेवायचं, मग ठिणगी टाकायची."

बाई खाली बसल्या. त्यांच्या डोक्यात इतके दिवस उलटं होतं. आधी दुखणं, मग औषध. जगात असंच असतं, त्यांनी विचारायची गरजच मानली नव्हती. आणि मॅडमना सांगायची गरज वाटली नव्हती, कारण त्यांच्या जगात ते इतकं उघड होतं. वाचणाऱ्याला कमीत कमी सांगायचं हा तर नियमच.

त्या दिवशी बस चुकली तरी त्या थांबल्या नाहीत, चालत निघाल्या. दादा खिडकीत होता.

"सव्वातीनवरून एक नाही," त्या म्हणाल्या. "तीनवरून दोन. नक्की झालं. आणि तेही महत्त्वाचं नाही." पाण्याचा ग्लास हातात धरून त्यांनी तक्त्याचं सांगितलं. आमचे उंदीर धडधाकट होते. चौदा दिवस धडधाकट असताना पाला प्यायले. मग एक दिवस विष, आणि दुसऱ्या दिवशी संपलं. विषाणू कुणालाच नव्हता. वर्षानुवर्षांची सूज कुणालाच नव्हती.

दादा ऐकत राहिला. पॉलिशवाल्या माणसाला हातावर घेतलेल्या कामाची पायरी कळते, आधी घासायचं की आधी रंगवायचं.

"म्हणजे माझ्यासारखा उंदीर," तो म्हणाला, "तुमच्याकडे नाहीच."

"नाही."

"एकही नाही?"

"छत्तीसांत एकही नाही."

तो हसला, मग खोकला. "बघ गं," तो वहिनीला म्हणाला, "उंदरांतसुद्धा मी वेगळाच निघालो." आणि बशीतली गोळी उचलून त्याने गार झालेल्या चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर गिळली. बाईंना माफी मागायची होती. वाक्यं चालता-चालता जुळवली होती. त्याने हात वर करून थांबवलं. "राहू दे. उद्या सकाळी चल माझ्याबरोबर. त्या बाकड्यावर एकट्याने नाही बसवत."

बाकड्यावर पावणेतीन तास बसावं लागलं. रक्त तपासलं तेव्हा यकृताचे आकडे मागच्या वेळच्या तिप्पट निघाले होते. डॉक्टर तरुण होता, नवीन. त्याने किती पिता विचारलं नाही, गोळी का सोडली तेही एकदाच विचारलं. दादाने बाईंकडे बघितलंही नाही. म्हणाला, "कंटाळा आला होता." डॉक्टरने गोळी पुन्हा चालू ठेवायला सांगितली, दर पंधरा दिवसांनी रक्त, आणि पाला तूर्त बंद. पाला वाईटच आहे असं तो म्हणाला नाही. म्हणाला, दोन्ही चालू असली तर चढ-उतार कशामुळे ते मला कळणार नाही.

महिन्याभरात आकडे उतरू लागले. सावकाश, पण उतरू लागले. दादा पुन्हा विचारायला लागला, किती उंदीर कापलेस. मधूनच तो म्हणायचा, "चिमे, तो पाला फुकटच गेला का गं? की थोडं काही केलं असेल त्याने? की त्यानेच वाढवलं?" बाई म्हणायच्या, "माहीत नाही." पूर्वी हे दोन शब्द उच्चारताना त्यांना कमीपणा वाटायचा.

मॅडमनी परिषदेत तीन आणि दोनचाच निबंध वाचला. फॉर्मेलिनचं आणि दोन दिवसांचंही लिहिलं. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, कुणी फार टाळ्या वाजवल्या नाहीत, पण एका म्हाताऱ्या बाईंनी पत्ता मागून घेतला.

"मॅडम, पुढची तुकडी कधी?" पापुद्रेबाईंनी विचारलं. त्या ब्लेड बदलत होत्या.

"परवानगी आली की. वर्ष तरी जाईल. का?"

"त्यात एक गट वाढवाल? आधी विष. बरेच दिवस, थोडं-थोडं. सूज पक्की बसू द्यायची. आणि मग पाला."

मॅडमनी बोटांवर हिशेब केला. "त्याच्या तुलनेचे गटही धरले तर दुप्पट उंदीर लागतील, बाई. चार-पाच महिने चालेल. आणि स्लाइडा किती होतील ते तुम्हालाच माहीत. तुमची मान..."

"मानेचं राहू द्या," बाई म्हणाल्या. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती. ती बहुतेक नुसती वाट बघण्यात जातील, हेही त्यांना दिसत होतं. नवं ब्लेड बसवून त्यांनी पेच आवळला आणि ठोकळ्यावर वाफ सोडायला वाकल्या. पण श्वास रोखून चाक फिरवताना डोक्यात तेच चालू होतं: जे यकृत आधीच सुजलेलं आहे, वर्षानुवर्षं सुजलेलं, त्याला हा पाला खरंच सावरतो, की नुसता कडू लागतो, की दमलेल्या यकृतावर आणखी एक ओझं टाकतो?